बाळंतपणात घात झाला असं वाटत असेल तर: कोल्हापुरातल्या कुटुंबांसाठी कागद, मुदती आणि कायद्याच्या वाटा

बाळंतपणातल्या हलगर्जीपणाचा दावा शेवटी घड्याळावर ठरतो. बाळाचे ठोके किती वाजता उतरले, डॉक्टरांना फोन कधी गेला, सिझरचा निर्णय कधी झाला, भूल कधी दिली आणि बाळ बाहेर कधी आलं, या पाच-सहा वेळा कागदावर सापडल्या तर दावा उभा राहतो. त्या सापडल्या नाहीत तर घरच्यांचा संताप कितीही खरा असला तरी ग्राहक आयोगापुढे किंवा कोर्टापुढे तो टिकत नाही. म्हणून कलमांच्या आधी कागद.

आई किंवा बाळ गेलं असेल तर पहिले काही तास

हे वाचायलाही जड आहे, पण सांगणं भाग आहे: शंका असेल तर शवविच्छेदनाशिवाय अंत्यसंस्कार करू नका. नातेवाईक घाई करतात, "आता कशाला देहाची विटंबना" म्हणतात, आणि दोन महिन्यांनी वकिलाकडे गेल्यावर कळतं की मृत्यूचं कारण सांगणारा एकमेव पुरावा आपल्याच हातानं संपला. रुग्णालय ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथं लेखी अर्ज द्या. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि मृतदेह सरकारी रुग्णालयात, कोल्हापूर शहरात म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर), जातो. अर्जातच दोन गोष्टी मागा. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं, आणि गर्भपिशवी व फुप्फुसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी राखून ठेवावेत. फुप्फुसाचे का? अचानक मृत्यू झाला की "गर्भजल रक्तात शिरून फुप्फुसात गेलं, हे कुणाच्याच हातात नसतं" असं कारण पुष्कळदा दिलं जातं. तसं खरोखर घडतं, आणि ते कुणालाही आधी ओळखता येत नाही. पण ते घडलं होतं का, हे त्या तुकड्यांवरून पाहता येतं.

बाळ पोटातच गेलं असेल किंवा जन्मल्यावर काही तासांत गेलं असेल तरी शवविच्छेदन मागता येतं. वार (प्लासेंटा) टाकून देऊ नये, ती तपासणीला पाठवावी, असंही लगेच लिहून द्या. संसर्ग होता का, वार आधीच सुटली होती का, याचं उत्तर तिथं असतं, आणि एरवी ती काही तासांत कचऱ्यात जाते.

बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ पासून हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

काचा फोडू नका, डॉक्टर-नर्सच्या अंगावर जाऊ नका. २०१० च्या राज्य कायद्याखाली तो अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्याहून मोठं नुकसान वेगळंच: त्या गोंधळात फाईल "गहाळ" झाली तर दोष तुमच्यावर येतो.

फाईल मागण्याचा अर्ज

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ती जपून ठेवावी लागतात. तोंडी मागितली तर ७२ तास कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही. साधा कागद घ्या आणि असं लिहा:

"माझी पत्नी (नाव, नोंदणी क्रमांक) आपल्या रुग्णालयात अमुक तारखेस अमुक वाजता प्रसूतीसाठी दाखल झाली. तिच्या व बाळाच्या संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा खर्च देण्यास तयार आहे. तसेच प्रसूतिकक्षाबाहेरील व प्रवेशद्वारावरील सीसीटीव्ही चित्रण पुसू न देता जतन करावे."

अर्जावर बाळंतिणीची सही घ्या. ती बेशुद्ध असेल तर नवरा सही करतो, ती हयात नसेल तर वारस म्हणून करतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ अशी पोच घ्या. पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. सीसीटीव्हीचं वाक्य विसरू नका, कारण चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.

"संपूर्ण" या शब्दाला बरेचदा फक्त डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. म्हणून अर्जाखाली नावानिशी मागा: दाखल करतानाचा केसपेपर, कळांचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांच्या पट्ट्या, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, संमतिपत्रं, भुलेची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद, बाळाचा जन्मावेळचा अपगार गुण (बाळाच्या प्रकृतीला दहापैकी दिलेले गुण), बाळाची पेटीतली फाईल, रक्तपेढीच्या मागणीच्या चिठ्ठ्या, दुसरीकडे पाठवलं असेल तर त्याचं पत्र.

याच्या जोडीला घरातले कागद गोळा करा. औषध दुकानाची बिलं सर्वांत आधी, कारण त्यांवर छापील वेळ असते आणि ती रुग्णालयाच्या हातात नसते. कळा वाढवायचं इंजेक्शन ज्या चिठ्ठीवर आणलं, तिच्या बिलावर रात्री ११:४२ असेल आणि फाईलमध्ये ते इंजेक्शन ९ वाजता दिल्याचं असेल, तर तो फरक कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलतो. नवऱ्याच्या, आईच्या, भावाच्या मोबाईलमधली कॉलची यादी, १०८ ला केलेला फोन, नर्सशी झालेले मेसेज, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. आणि जे जे तिथं होते त्या प्रत्येकानं, एकमेकांना न विचारता, आठवतं तसं वेळेसह लिहून काढावं. आठ दिवसांत लिहा. सहा महिन्यांनी आठवणी एकमेकांत मिसळतात आणि उलटतपासणीत तेच धरलं जातं.

"आमची काही तक्रार नाही" अशा मजकुरावर सही करू नका, बिल माफ करतो म्हटलं तरी.

फाईल कशी वाचायची

पार्टोग्राफ टेबलावर पसरा. डाव्या बाजूला गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते, खाली तास. त्यावर दोन तिरक्या रेघा आधीच छापलेल्या असतात. पहिली सावधतेची: तासाला एक सेंटिमीटर या वेगानं ती वर जाते. तिच्या चार तास उजवीकडे दुसरी, कृतीची. प्रत्येक तपासणीतलं उघडणं फुलीनं मांडतात. त्या फुल्यांची ओळ पहिली रेघ ओलांडून उजवीकडे सरकली की लक्ष वाढवायचं किंवा मोठ्या रुग्णालयात हलवायची तयारी करायची. दुसरीला टेकली की निर्णय घ्यायचा. फुल्या कोणत्या तासाला कुठल्या रेघेवर गेल्या आणि त्या तासाला फाईलमध्ये काय केल्याचं लिहिलं आहे, हे शेजारी मांडा.

वरच्या भागात बाळाचे ठोके असतात. मिनिटाला ११० ते १६० हे ठीक मानतात. कळा जोरात असताना दर अर्ध्या तासानं, आणि जोर लावायच्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी ठोके पाहायचे, असा रिवाज आहे. आता नोंदी पाहा. दर खेपेला १४०, १४०, १४०, सगळं एकाच पेनानं, एकाच हातानं, एका बैठकीत भरल्यासारखं, आणि पुढे बाळ निळं, न रडता जन्मलेलं. अशी जागा तज्ज्ञाला दाखवायची असते. पार्टोग्राफच नसणं, किंवा कळा वाढवायचं सलाईन सुरू असताना ठोक्यांची एकही नोंद नसणं, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, कारण त्या औषधानं कळा अति वाढल्या तर बाळाचा प्राणवायू तुटतो आणि आधी सिझर झालेलं असेल तर पिशवी फाटू शकते.

आईच्या रक्तस्रावात तीन गोष्टींची वेळ शोधा: रक्तस्राव पहिल्यांदा लिहिला ती, रक्तपेढीच्या चिठ्ठीवरची, आणि रक्त प्रत्यक्ष चढवलं ती. साध्या बाळंतपणात ५०० मिलिलिटर आणि सिझरमध्ये एक लिटरच्या पुढे रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव. सिझरनंतर पोट फुगणं, ताप, दुखणं असेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीत कापडाच्या घड्या मोजल्याचं लिहिलं आहे का ते बघा.

अपगार गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला देतात. पाचव्या मिनिटाला ९ लिहिलेलं बाळ तासाभरात झटके येऊन पेटीत गेलं असेल, तर दोन फाईली, प्रसूतीची आणि बाळाची, एकमेकींशी जुळत नाहीत. दोन्ही मागायच्या त्या यासाठी.

कमी दिवसांच्या बाळाबद्दल एक वेगळी सूचना. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साधारण चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. ती सांगितली नाही आणि बाळाची दृष्टी गेली, तर तो हलगर्जीपणा आहे. तमिळनाडूतल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली, आणि ती सरकारी रुग्णालयाविरुद्ध.

वाईट घडलं म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही

हे मान्य करून पुढे गेलेलं बरं. त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरनं जे केलं असतं ते इथं झालं का, आणि न झाल्यामुळेच नुकसान झालं का, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या बहुतेक मुलांमध्ये कारण प्रसूतीच्या वेळचं गुदमरणं नसतं, ते आधीचंही असू शकतं. म्हणून वकिलाआधी फाईल एका स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि बाळाचा प्रश्न असेल तर नवजात शिशुतज्ज्ञालाही. शहरातले डॉक्टर एकमेकांना ओळखतात, लेखी मत द्यायला कचरतात. सांगली, पुणे किंवा बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे किंवा निवृत्त झालेले प्राध्यापक शोधा. ढोबळ चुकीत, म्हणजे पोटात कापड राहणं, चुकीच्या गटाचं रक्त चढवणं यांत, तज्ज्ञाच्या मताशिवायही दावा चालतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे. बाकी ठिकाणी मताशिवाय जाणं म्हणजे हात हलवत जाणं.

ग्राहक आयोग: खासगी रुग्णालयासाठी मुख्य वाट

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ मध्ये ठरलं आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते तसंच आहे. बिल विमा कंपनीनं भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच.

सर्वांत जास्त गैरसमज पैशाच्या मर्यादेबद्दल आहे. भरपाई किती मागता यावर नव्हे, तर तुम्ही बिल किती भरलं यावर आयोग ठरतो. ५० लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे ६० हजारांच्या सिझरमध्ये मूल कायमचं अपंग झालं तर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच एक कोटीची भरपाई मागता येते. बिल ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १०००.

दुसरी सोय आपल्याकडच्या रीतीला फार उपयोगी पडते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माहेर निपाणीला, सासर कागलला, असं असेल तर प्रसूती कर्नाटकात झाली तरी तक्रारदार जिथं राहतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, आयोगात तक्रार चालते. फक्त पोलीस ठाणं आणि मेडिकल कौन्सिल (डॉक्टरांच्या नोंदणीची परिषद) तिकडचं राहील. आणि माहेरी बिल वडिलांनी किंवा भावानं भरलेलं असतं, पावती त्यांच्या नावावर असते. त्यांनाही तक्रारदार म्हणून जोडा, नाहीतर "पैसे तुम्ही दिलेच नाहीत" हा पहिला आक्षेप येतो. बाळ अज्ञान म्हणजे अल्पवयीन असल्यानं ते आई किंवा वडिलांमार्फत तक्रारदार होतं. आई-वडील आणि मूल दोघंही भरपाई मागू शकतात, हे १९९८ च्या निकालानं पक्कं झालं आहे.

विरुद्ध पक्षात रुग्णालय आणि प्रसूती करणारे डॉक्टर. भूलतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ फक्त त्यांच्याविरुद्ध ठोस मुद्दा असेल तर. सरसकट सगळ्यांना ओढलं की प्रत्येकाची नोटीस, प्रत्येकाची कैफियत म्हणजे लेखी उत्तर, आणि वर्षं वाढतात. नर्सच्या चुकीला रुग्णालय जबाबदार असतं.

तक्रारीत वेळेनुसार घटनाक्रम एका तक्त्यात द्या: वेळ, काय घडलं, कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर. भरपाई मोघम लिहू नका. झालेला खर्च, पुढची फिजिओथेरपी, सांभाळणारं माणूस, आईचं बुडालेलं उत्पन्न, मानसिक त्रास, प्रत्येकाचा आकडा वेगळा. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून कैफियतीसाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. ४६ वा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या तारखेला मुद्दा उठवा. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात काही वर्षं धरून चाला. मुलाच्या उपचारांसाठी मधल्या काळात अंतरिम आदेश मागता येतो. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय प्रकरणं मध्यस्थीला पाठवता येत नाहीत, तेव्हा "आधी मध्यस्थीत बसा" असं कुणी म्हटलं तर नियम दाखवा. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील.

प्रसूती सरकारी रुग्णालयात झाली असेल तर

सीपीआर, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र. जिथं सगळ्यांनाच सेवा मोफत असते तिथं ग्राहक आयोगाची वाट सहसा बंद असते. काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर मोफत उपचार घेतलेल्यालाही ती उघडते. म्हणून तुमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती शोधा.

सरकार जबाबदार नसतं हा समज मात्र चुकीचा आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदी करताना एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला भरपाईला बांधील ठरवलं. तेहतीस वर्षं लागली, पण तत्त्व पक्कं झालं. वाट दिवाणी दाव्याची: आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, दोन महिने थांबणं, मग दावा. उपचारच नाकारले, रक्त असून दिलं नाही, तीन ठिकाणी फिरवलं, असं असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारनं हक्क मोडल्याबद्दलची थेट याचिका) करता येते, आणि त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही त्यातच.

कागदांसाठी इथं माहिती अधिकार आहे: १० रुपये, ३० दिवस, न दिल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, घरी सोडणं, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बाहेरून आणायला लावलेल्या औषधांची बिलं त्यामुळे दुहेरी कामाची. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आई गेली तर त्या मृत्यूचा शासकीय आढावा होतो. तो दोष ठरवण्यासाठी नसतो, त्यामुळे "चौकशी चालू आहे" म्हणून मुदत घालवू नका.

पोलीस आणि मेडिकल कौन्सिल

फौजदारी वाट अरुंद आहे आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डॉक्टरवर गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, तज्ज्ञाचं मत घ्यावं. १ जुलै २०२४ पासूनच्या मृत्यूला भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, डॉक्टरला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मृत्यू नसून इजा असेल तर कलम १२५. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. यातून भरपाईची आशा ठेवू नका. आणि तज्ज्ञांचं मत विरोधात गेलं तर त्याची प्रत आयोगात तुमच्याविरुद्ध वापरली जाते. मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदनापुरती पोलिसांची मदत जरूर घ्यावी, पण त्यापुढचा जोर ग्राहक तक्रारीवर ठेवावा, असं आमचं मत आहे.

मेडिकल कौन्सिल डॉक्टरचं नाव काही काळ नोंदवहीतून काढू शकते, पैसे देववू शकत नाही. एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेद आणि होमिओपॅथीची त्यांच्या वेगळ्या परिषदांकडे. म्हणून रात्रपाळीच्या नोंदीखालची सही कुणाची आणि त्यांची पदवी कोणती, हे आधी पाहा. नोंदणी नसलेलं प्रसूतिगृह असेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे तक्रार करा.

मुदत आणि वकील

ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. पोटात काही राहिल्याचं उशिरा कळलं तर मुदत कळल्यापासून मोजता येते, मात्र त्रास होत असून वर्षानुवर्षं तपासलंच नाही तर नाही. २०१० च्या एका निकालात शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षं वेदनाशामक गोळ्यांवर काढलेल्या महिलेची तक्रार मुदतबाह्य ठरली. पोट दुखत राहिलं तर सोनोग्राफी करा, "बाळंतपणानंतर दुखतंच" म्हणून घरी बसू नका.

वकिलाला पैसे नसतील तर कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यामुळे अर्ज नवऱ्याच्या नावानं नव्हे, आईच्या किंवा बाळाच्या नावानं करा.

बाळाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर निकालाची वाट न पाहता दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. मेंदूचा पक्षाघात असेल तर निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचार बसतात. प्रमाणपत्रावरची अपंगत्वाची टक्केवारीच पुढे भरपाई मोजताना आयोगापुढे येते, म्हणून प्रमाणपत्राची आणि फिजिओथेरपीच्या प्रत्येक पावतीची एक प्रत दाव्याच्या फाईलमध्ये लावत जा.